'टु' की 'इंग'? : इंग्रजी क्रियापदांमागून येणाऱ्या दोन रूपांचे अध्यापन



इंग्रजीच्या अध्यापनात काही अडचणी दिसावयास लहान असतात. परंतु त्या रोज भेटतात, आणि रोज भेटतात म्हणूनच थकवितात. एका क्रियापदामागून दुसरे क्रियापद आले म्हणजे त्याच्या आधी 'टु' घालावे की त्याच्या शेवटी 'इंग' जोडावे, हा प्रश्न त्यांपैकीच एक होय. 'आय वाँट टु प्ले' हे शुद्ध. 'आय वाँट प्लेइंग' हे अशुद्ध. उलट 'आय एन्जॉय प्लेइंग' हे शुद्ध. 'आय एन्जॉय टु प्ले' हे अशुद्ध. असे का, म्हणून एखाद्या चौकस मुलाने विचारले, तर 'इंग्रजीत तसेच म्हणतात' एवढेच उत्तर त्याच्या पदरी बहुधा पडते. हे उत्तर खोटे नाही; पण ते अपुरे आहे. त्याने मुलाची जिज्ञासा शमत नाही आणि शिक्षकाचाही आत्मविश्वास वाढत नाही.

२००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविले जाते. त्यापूर्वी ते पाचवीपासून सुरू होत असे. यामुळे आज खेड्यातील शाळांतून इंग्रजी शिकविणाऱ्या अनेक शिक्षकांस स्वतः ही भाषा उशिरा, आणि तीही मुख्यत्वे भाषांतराच्या वाटेने मिळालेली आहे. त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. मराठीतून इंग्रजीकडे जाण्याची वाट ज्याने स्वतः तुडविली आहे, त्याला त्या वाटेवरील खाचखळगे इतरांहून अधिक ठाऊक असतात. प्रस्तुत विषयात तर मराठीचे ज्ञान हेच शिक्षकाचे मोठे भांडवल आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रथम हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. समजा, एका मुलाने वहीत लिहिले : 'ऑन द वे टु स्कूल आय स्टॉप्ड टु ड्रिंक वॉटर.' शाळेच्या वाटेवर विहीर लागते; तेथे तो पाणी पिण्यासाठी थांबला. त्याचे वाक्य निर्दोष आहे. परंतु 'स्टॉप या शब्दामागून इंग येते' असा नियम पाठ केलेल्या शिक्षकाने त्यावर लाल रेघ मारली आणि 'स्टॉप्ड ड्रिंकिंग वॉटर' अशी दुरुस्ती केली, तर काय होईल? मुलाला पाणी प्यावयाचे होते. दुरुस्तीने त्याचे पाणी पिणेच बंद केले! मुलाला जे म्हणावयाचे होते ते त्याने बरोबर म्हटले होते, आणि तरीही ते चूक ठरले. असे दोन-चार वेळा घडले म्हणजे मूल आपल्या मनातले लिहिण्याचे सोडून देते आणि शिक्षकास जे हवे असेल तेच लिहू लागते. भाषाशिक्षणात याहून मोठी हानी नाही. चुकीचे वाक्य सुधारता येते. परंतु आपले बरोबर वाक्य खोडले गेलेले पाहून ज्याचा धीर खचला, त्याला पुन्हा बोलते करणे फार अवघड असते.

आता ही दोन रूपे आली कोठून, ते पाहू. सुमारे एक हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'टु' हा क्रियापदाचा भाग नव्हता. ते दिशा दाखविणारे अव्यय होते. त्याचा अर्थ 'कडे'. 'टु' लावून येणारे क्रियापदाचे रूप म्हणजे 'त्या क्रियेकडे' जाणे. काळाच्या ओघात हे अव्यय क्रियापदास इतके चिकटले, की आज 'टु गो', 'टु ईट' अशी जोडीच क्रियापदाचे नाव म्हणून पाठ केली जाते. 'इंग' हा मुळात धातूपासून नाम बनविणारा प्रत्यय होता. 'धावणे', 'लिहिणे' यांतील 'णे' जे काम करतो, तेच काम तो करीत असे. पुढे वर्तमानकालवाचक विशेषणाचे निराळे रूपही उच्चाराने त्याच्याशी मिसळून गेले, आणि म्हणून आज 'रनिंग' हे कधी 'धावणे' असते तर कधी 'धावत असलेला'. प्रस्तुत विषयात मात्र 'धावणे' हाच अर्थ अभिप्रेत आहे.

या इतिहासातून एक उपयोगी सूत्र हाती लागते. 'टु' पुढे पाहते. 'इंग' क्रियेला वस्तूप्रमाणे हातात धरते. जी क्रिया अजून व्हावयाची आहे, जिच्याकडे मन वळले आहे, तिला बहुधा 'टु' लागते. इच्छा, आशा, निश्चय, वचन, नकार, बेत या सर्वांत क्रिया पुढे असते. म्हणून 'वाँट', 'होप', 'डिसाइड', 'प्रॉमिस', 'रिफ्यूज', 'प्लॅन' यांच्यामागून 'टु' येते. जी क्रिया चालू आहे, अनुभवली आहे, पार पडली आहे किंवा सोडून द्यावयाची आहे, तिला बहुधा 'इंग' लागते. म्हणून 'एन्जॉय', 'फिनिश', 'कीप', 'गिव्ह अप', 'प्रॅक्टिस', 'डिनाय' यांच्यामागून 'इंग' येते. आनंद हा हाती असलेल्या गोष्टीचा घ्यावयाचा असतो, आणि संपवावयाचे असते ते हाती घेतलेले काम, असे सांगितले म्हणजे मुलास ते चटकन पटते.

तथापि, सूत्र म्हणजे कायदा नव्हे. 'सजेस्ट' म्हणजे सुचविणे. सुचविलेली गोष्ट पुढे व्हावयाची असते. तरीही इंग्रजीत 'ही सजेस्टेड गोइंग बाय बस' असेच म्हणतात. 'कन्सिडर' आणि 'माइंड' यांचेही तसेच. उलट 'मॅनेज' म्हणजे प्रयत्नाने साधणे. 'शी मॅनेज्ड टु क्लाइंब द ट्री' या वाक्यात झाडावर चढणे प्रत्यक्ष घडलेले आहे. तरी तेथे 'टु' येते. असे अपवाद मुलांपासून लपवू नयेत. सूत्र हे अंधारात हाती धरावयाच्या काठीसारखे आहे. तिने वाट चाचपता येते, परंतु प्रत्येक दगड काही ती सांगत नाही. जेथे सूत्र चालत नाही, तेथे तो शब्द त्याच्या जोडीदारासह तोंडी करून घ्यावा.

मराठी मुलाची चूक नेमकी कोठे होते, हे आता पाहता येईल. मराठीत 'खेळायला' हे एकच रूप किती ठिकाणी राबते, ते पाहावे. 'खेळायला गेला', 'खेळायला शिकला', 'खेळायला सांगितले', 'खेळायला आवडते', 'खेळायला मजा येते'. या सर्वांत शेवटचा 'ला' हा 'गावाला', 'बाजाराला' यांतील 'ला'च होय. त्याचाही मूळ रोख 'कडे' असाच आहे. तेव्हा मूल मनातल्या मनात 'खेळायला म्हणजे टु प्ले' असे समीकरण मांडते, ते मूर्खपणाचे नसून मोठ्या शहाणपणाचे आहे. 'शिकला'पाशी ते बरोबर ठरते : 'लर्न्ट टु प्ले'. 'सांगितले'पाशी बरोबर ठरते : 'टोल्ड मी टु प्ले'. 'आवडते'पाशीही चालते : 'लाइक टु प्ले'. मात्र 'मजा येते'पाशी ते समीकरण फसते आणि 'आय एन्जॉय टु प्ले' हे वाक्य जन्मास येते. 'पोहायला गेला' यासाठीही इंग्रजीत 'वेंट स्विमिंग' म्हणण्याची रीत आहे. अशी चूक दिसली म्हणजे शिक्षकाने रागावू नये. मूल विचार करीत आहे, याचा तो पुरावा आहे. फक्त 'एन्जॉय'ला 'टु' चालत नाही, एवढी एक गोष्ट त्याच्या समीकरणास जोडावयाची असते.

मराठीमुळे चूक होते, तशी मराठीमुळे मदतही होते. किंबहुना मदत अधिक होते. मराठीत एकाच धातूची अनेक रूपे आहेत, आणि ज्या अर्थभेदासाठी इंग्रजी केवळ 'टु' आणि 'इंग' ही दोन साधने वापरते, तो भेद मराठी मूल अनेकदा उपजतच जाणते.

'रिमेम्बर' आणि 'फरगेट' ही दोन क्रियापदे घ्यावीत. 'दार लावायला विसरलो' आणि 'दार लावल्याचे विसरलो' या दोन वाक्यांतील फरक तिसरीतले मूलही सांगेल. पहिल्यात दार उघडे आहे. दुसऱ्यात ते बंद आहे, फक्त ते केल्याची आठवण नाही. इंग्रजीत पहिले 'आय फरगॉट टु शट द डोअर', आणि दुसऱ्या अर्थाने, विशेषतः नकारात, 'आय डोंट रिमेम्बर शटिंग द डोअर'. 'लावायला' तेथे 'टु', 'लावल्याचे' तेथे 'इंग'. नियम इंग्रजीचा, पण त्याची किल्ली मराठीच्या खिशात आहे.

'ट्राय' या शब्दाचेही असेच. 'खिडकी उघडायचा प्रयत्न केला' म्हणजे खिडकी घट्ट बसली होती. उघडली की नाही ते ठाऊक नाही. हे 'ट्राइड टु ओपन द विंडो'. 'खिडकी उघडून पाहिली' म्हणजे खिडकी उघडलीच. पाहिले ते एवढेच की त्याने उकाडा कमी होतो का. हे 'ट्राइड ओपनिंग द विंडो'. 'करून पाहणे' हा मराठीचा नित्याचा प्रयोग येथे जसाच्या तसा उपयोगी पडतो.

'रिग्रेट' प्राथमिक वर्गात फारसा येत नाही. परंतु शिक्षकास तो ठाऊक असावा. 'कळविण्यास खेद वाटतो' हे 'रिग्रेट टु इन्फॉर्म'. 'सांगितल्याचा पश्चात्ताप होतो' हे 'रिग्रेट टेलिंग'. पहिल्यात सांगणे पुढे आहे, दुसऱ्यात ते मागे पडले आहे. आणि 'स्टॉप'चे तर वर आलेच आहे : 'पाणी प्यायला थांबला' हे 'स्टॉप्ड टु ड्रिंक', 'पाणी प्यायचा थांबला' हे 'स्टॉप्ड ड्रिंकिंग'. येथे 'टु' हे 'स्टॉप'चे जोडीदार नव्हेच; ते थांबण्याचा हेतू सांगते.

काही क्रियापदांपाशी दोन्ही रूपे चालतात आणि अर्थात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. 'लाइक', 'लव्ह', 'हेट', 'बिगिन', 'स्टार्ट', 'कंटिन्यू' ही ती क्रियापदे. 'इट बिगॅन टु रेन' आणि 'इट बिगॅन रेनिंग' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. फक्त 'बिगिनिंग' असे रूप आधीच आले असेल, तर दुसरा 'इंग' कानास खटकतो. तेथे 'इट इज बिगिनिंग टु रेन' असे म्हणावे. तसेच 'वुड लाइक' यामागून मात्र नेहमी 'टु' येते, कारण तेथे आवड नसून इच्छा आहे : 'आय वुड लाइक टु सिंग'. वही तपासताना या गटापाशी विशेष जपावे. कारण उत्तरपत्रिकेत एक रूप छापलेले असते आणि मुलाने दुसरे लिहिलेले असते. दोन्ही बरोबर असताना एकास चूक ठरविणे हा मुलावर अन्याय होय.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शब्दयोगी अव्ययामागून क्रियापद आले तर ते 'इंग'-रूपात येते. हा नियम बराच भरवशाचा आहे. 'फाँड ऑफ रीडिंग', 'गुड अॅट ड्रॉइंग', 'थँक यू फॉर हेल्पिंग'. यात एक फसवी जागा आहे. 'लुक फॉरवर्ड टु' यातील 'टु' हे क्रियापदाचे नसून खरोखरीचे अव्यय आहे. म्हणून 'लुक फॉरवर्ड टु मीटिंग यू' असे म्हणावे लागते. ओळखण्याची खूण सोपी आहे : त्या 'टु'पुढे नाम ठेवून पाहावे. 'लुक फॉरवर्ड टु द हॉलिडेज' हे जुळते. तेव्हा तेथे क्रियाही नामाच्याच रूपात, म्हणजे 'इंग' लावून यावी. दुसरी गोष्ट अशी, की काही ठिकाणी 'टु' ही नाही आणि 'इंग' ही नाही. 'कॅन', 'मस्ट', 'विल' यांमागून, तसेच 'लेट' आणि 'मेक' यांच्या कर्मामागून क्रियापद उघडेच येते : 'आय कॅन स्विम', 'लेट हिम गो', 'शी मेड अस लाफ'. मराठीतही 'जाऊ दे', 'करू शकतो' यांत धातूचे 'ऊ' लागलेले एक निराळेच रूप येते, हे मुलांच्या नजरेस आणून द्यावे.

आता प्रत्यक्ष अध्यापनाचा विचार करू. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवीत असताना त्यांच्या हे ध्यानात आले, की परभाषिक विद्यार्थ्यास शब्दाचा अर्थ कळून भागत नाही. तो शब्द वाक्यात कोणत्या साच्यात बसतो, तेही त्यास सांगावे लागते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला कोश १९४२ साली प्रथम जपानमध्ये निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो नव्याने छापला. त्यात क्रियापदांचे साचे दिलेले होते. १९५४ सालच्या आपल्या मार्गदर्शक पुस्तकात त्यांनी असे २५ साचे मांडले. आज विद्यार्थ्यांसाठी निघणाऱ्या चांगल्या इंग्रजी कोशांत प्रत्येक क्रियापदापुढे ते 'टु' घेते की 'इंग' घेते, हे दिलेले असते. असा एक कोश शाळेत असावा, आणि शंका आली की मुलांच्या देखत तो उघडावा. शिक्षक शंका आल्यास कोश पाहतो, हे मुलांनी पाहणे हाही एक पाठच आहे.

पहिली गोष्ट ही, की प्राथमिक वर्गात 'जेरंड', 'इन्फिनिटिव्ह' ही नावे सांगू नयेत. 'टु वाले' आणि 'इंग वाले' एवढे पुरे. दुसरी गोष्ट, शब्दांची लांबलचक यादी फळ्यावर लिहून पाठ करावयास देऊ नये. आरंभी 'टु वाले' पाच घ्यावेत : 'वाँट', 'होप', 'डिसाइड', 'लर्न', 'प्रॉमिस'. 'इंग वाले' पाच घ्यावेत : 'एन्जॉय', 'फिनिश', 'कीप', 'प्रॅक्टिस', 'अव्हॉइड'. हे दहा पक्के झाल्यावाचून अकरावा घेऊ नये. आणि दोन्ही गट एकाच दिवशी शिकवू नयेत. एकत्र शिकविलेल्या दोन सारख्या गोष्टी मुलांच्या मनात एकमेकींत गुंततात. एक गट आठवडाभर तोंडी रुळला म्हणजे दुसरा काढावा.

तोंडी सरावासाठी बदलीचा तक्ता उत्तम. पहिल्या रकान्यात 'आय', 'वी', 'दे'. दुसऱ्यात 'एन्जॉय', 'लाइक'. तिसऱ्यात 'रीडिंग', 'सिंगिंग', 'स्विमिंग', 'कुकिंग', 'ड्रॉइंग'. एवढ्या दहा शब्दांतून ३० शुद्ध वाक्ये तयार होतात, आणि चूक होण्यास जागाच राहत नाही. द्विशिक्षकी शाळेत एका वर्गाकडे लक्ष देताना दुसऱ्या वर्गातील एखाद्या मोठ्या मुलीकडे असा तक्ता सोपविता येतो.

अर्थभेद मात्र कृतीतूनच शिकवावा. एका मुलाने पुस्तक वाचीत वर्गातून चालावे; शिक्षकाने टाळी वाजविताच त्याने पुस्तक मिटावे. वर्गाने म्हणावे : 'ही स्टॉप्ड रीडिंग.' मग एका मुलीने चालत यावे, खाली पडलेला कागद पाहून थांबावे आणि तो उचलावा. वर्गाने म्हणावे : 'शी स्टॉप्ड टु पिक अप द पेपर.' पाच मिनिटांत जे डोळ्यांना दिसते, ते नियमांच्या पाऊण तासातही कळत नाही. त्याचप्रमाणे शाळा सुटताना एकास सांगावे : 'रिमेम्बर टु शट द विंडो.' दुसऱ्या दिवशी त्याला विचारावे : 'डू यू रिमेम्बर शटिंग इट?' आदल्या दिवशीचे 'टु' दुसऱ्या दिवशी 'इंग' झाले, कारण काम पुढे होते ते मागे पडले. हे मुले विसरणार नाहीत.

शेवटी वही तपासण्याविषयी. ज्या वाक्यातील चूक निःसंशय आहे, तेथे सगळे वाक्य न खोडता केवळ त्या दोन शब्दांखाली रेघ ओढावी आणि शुद्ध जोडी समासात लिहावी. जेथे दोन्ही रूपे चालतात, तेथे मुलाचे वाक्य तसेच राहू द्यावे. आणि जेथे रूपाबरोबर अर्थ बदलतो, तेथे लेखणी उचलण्यापूर्वी मुलास जवळ बोलावून मराठीत विचारावे : 'बाळ, तुला काय म्हणायचे होते?' तो म्हणाला, 'पाणी प्यायला थांबलो', तर त्याचे वाक्य बरोबर आहे. या एका प्रश्नास अर्धे मिनिट लागते. तेवढ्या वेळात मुलास तीन गोष्टी कळतात : आपल्या म्हणण्यास अर्थ आहे, शिक्षकास तो जाणून घ्यावयाचा आहे, आणि इंग्रजी ही चुका शोधण्याची नव्हे तर काही सांगण्याची भाषा आहे.

चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकास प्रत्येक वेळी असे विचारणे शक्य होणार नाही, हे उघड आहे. परंतु आठवड्यातून पाच वह्या अशा रीतीने तपासल्या, तरी दोन महिन्यांत सर्व वर्ग एकदा शिक्षकाजवळ येऊन जातो. 'टु' आणि 'इंग' ही दोन लहानशी चिन्हे आहेत. ती बरोबर वापरता येणे चांगलेच. परंतु ती शिकविताना मुलाचे बोलणे खुंटणार नाही, याची काळजी घेणे त्याहून अधिक महत्त्वाचे आहे. मुलाची भाषा शिक्षकास येते, हे त्याचे सामर्थ्य आहे. त्याचा उपयोग प्रत्येक शाळेत व्हावा.